दारावरचा डोमकावळा

१

शुक्रवारी सकाळी कोलमन हंटच्या पबच्या दारावर तिसरं जनावर लटकलेलं सापडलं. या खेपेला पक्षी होता. काळा, भलामोठा, पायांना निळी सुतळी बांधून उलटा टांगलेला. छातीत छऱ्यांची भोकं पडली होती. रक्त ओघळून पितळी मुठीवर थिजलं होतं, आणि कोलमनच्या बायकोने झोपेतच बाहेर येऊन दार ओढून घेताना नेमका त्याच मुठीला हात घातला होता. आत मोरीपाशी ती अजून हात घासत होती.

सार्जंट दर्वला स्कॅनलन खाली वाकून पाहत राहिली. डूनालिश या आयरिश गावी बदली होऊन तिला चार वर्षं झाली होती. त्याआधी वीस वर्षं तिने समुद्रातून काढलेली प्रेतं पाहिली, दारूड्यांनी फोडलेली तोंडं पाहिली. पण या आठवड्यासारखी शिसारी तिला कधी आली नव्हती. सोमवारी टेकडीवरच्या म्हाताऱ्या ब्रिजी लॅम्बच्या दारावर गळा चिरलेलं कोकरू. बुधवारी पॅकी फॉक्सच्या फाटकावर कोल्हा, पोट फाडलेला. आणि आज हे.

"अहो बाई, अजून कळलं नाही तुम्हाला?" टॅक्सी चालवणारा पॅकी फॉक्स मागून म्हणाला. "लॅम्बच्या दारात कोकरू, फॉक्सच्या दारात कोल्हा. आणि हंटच्या दारात शिकार केलेला कावळा. नावांवरून थट्टा चाललीय आमची!"

"हा कावळा नव्हे," दर्वला म्हणाली. तिचं बालपण दक्षिणेकडच्या कड्यांवर गेलं होतं. "चोच बघ केवढी जाड आहे. गळ्याखाली दाढी आहे. हा डोमकावळा."

"काळं ते काळं. त्यांना काय फरक पडतो?"

'त्यांना' म्हणजे कोणाला, हे तिथे जमलेल्या वीसबावीस माणसांपैकी एकानेही विचारलं नाही. खाणीच्या रस्त्यालगत सहा आठवड्यांपासून वॉर्ड कुटुंबाची राहायची फिरती गाडी उभी होती. फिरस्ते लोक. नवरा, बायको, चार पोरं. गावाच्या टोकाचं सरकारी घर त्यांना द्यायचं की नाही, यावर सोमवारी कौन्सिलात मत पडायचं होतं. कोलमनने विरोधाचा अर्ज लिहून पबच्या काउंटरवर ठेवला होता. पंधरा दिवस त्यावर जेमतेम दहा सह्या होत्या. कोकरू सापडल्यापासून मात्र लोक रांग लावून सह्या करत होते.

"मला कोणावर आरोप करायचा नाही," कोलमन शांतपणे म्हणाला. गोरापान, धुतल्या हातांचा माणूस. चर्चमध्ये दर रविवारी तोच पहिल्या बाकावर. "पण आमची बायकापोरं घाबरलीत, सार्जंट. एवढंच."

तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून उतरला. त्याला हसू दाबता येत नव्हतं.

"खाणीकडे गेला होतात का, बाई? त्या फिरस्त्यांच्या दारात कोणीतरी शेणाचा टँकर रिकामा केलाय. आत पोरं झोपलेली असताना!"

गर्दीत कोणीतरी खुसखुसलं. दर्वलाने मागे वळून पाहिलं, तर सगळे चेहरे एकदम गंभीर झाले.

२

वास अर्ध्या मैलावरूनच आला. गोठ्याखालच्या हौदात हिवाळाभर कुजलेलं शेणमूत गाडीच्या पायऱ्यांपर्यंत साचलं होतं. विनी वॉर्ड गुडघ्यांपर्यंतचे बूट घालून खराट्याने ते लोटत होती. तिचा नवरा ओनी बादल्या भरभरून पाणी ओतत होता. खिडकीच्या काचेमागे चार तोंडं दिसत होती, आणि चारही जणांनी नाकं धरली होती.

"या, सार्जंट," विनी म्हणाली. "हे कोणी टाकलं ते विचारायला आलात, की कोकरू आम्ही मारलं का ते विचारायला?"

"दोन्ही."

"खरं बोललात, बरं वाटलं. कोकरू आम्ही मारलं नाही. विचारा पुढचं."

"ब्रिजी लॅम्बशी तुमचं काही भांडण?"

"कोण ब्रिजी लॅम्ब?"

"टेकडीवर राहते. काठी घेऊन चालते ती."

"हात्तिच्या, ब्रिजी टेकडी म्हणा की! ती लॅम्ब आहे हे मला आत्ता तुमच्या तोंडून कळतंय. आणि तो टॅक्सीवाला पॅकी? त्याचं आडनाव काय?"

दर्वला उत्तर द्यायला गेली आणि थांबली. खरंच होतं. डूनालिशमध्ये आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. ब्रिजी टेकडी, पॅकी टॅक्सी, कोलमन पब. दारांवर पाट्या नव्हत्या. सहा आठवड्यांच्या पाहुण्याला, ज्याच्याशी गावात कोणी धड बोलत नाही त्याला, कुठल्या दारामागे कुठलं आडनाव राहतं हे कसं कळणार?

"बंदूक आहे तुमच्याकडे?"

"असती तर काल वापरली असती," ओनी म्हणाला.

"तू गप रे." विनीने खराटा आपटला. "सार्जंटबाई, एक सांगू? सांगू नये असं वाटतंय, कारण तो एकटाच माणूस आमच्याशी माणसासारखा बोलतो. पण तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. बुधवारी उजाडता उजाडता ओनी पाण्याला गेला, तेव्हा त्या पॅकीच्या फाटकापाशी एकजण वाकून काहीतरी करत होता."

"कोण?"

"मास्तर," विनी म्हणाली. "तो म्हातारा मास्तर."

३

फेलिम दुर्कन मास्तरांनी डूनालिशच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या आडनावांवर एक पुस्तिका लिहिली होती. कोणतं घराणं कुठून आलं, आयरिश भाषेतलं मूळ नाव काय, इंग्रज कारकुनांनी त्याचं काय करून ठेवलं, हे सगळं त्यात होतं. गावात तिच्या बारा प्रती खपल्या, त्यातल्या चार त्यांनी स्वतःच वाटल्या होत्या. कोलमनच्या अर्जावर सही करायला गावातून ठाम नकार दिला तो त्यांनी एकट्याने.

"बसा," मास्तर म्हणाले. "चहात साखर नाही घालत ना तुम्ही? मला माहीत आहे का आलात ते. नावांची थट्टा, आणि नावं जाणणारा मी एकटा."

"बुधवारी पहाटे पॅकीच्या फाटकापाशी काय करत होतात?"

मास्तरांनी टेबलाच्या खणातून पाकिटांचा गठ्ठा काढला. "ही फाटकाखालून सरकवत होतो. अंधुकात कोल्हा दिसलाही नाही मला. ज्यांनी सह्या केल्या त्या प्रत्येकाला एक. 'सही मागे घ्या, लाज बाळगा' एवढंच लिहिलंय. तीन परत आली. एकात कोणीतरी नाक शिंकरून ठेवलं होतं."

दर्वलाने पाकीट न उघडता खाली ठेवलं. "मास्तर, लॅम्ब म्हणजे कोकरू. फॉक्स म्हणजे कोल्हा. यात जाणण्यासारखं काय आहे? हे तर शेंबडं पोरही सांगेल."

"तिथेच तर चुकतात सगळे!" मास्तरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "फॉक्सचं बरोबर आहे. पण ब्रिजीच्या सासरचे लोक कोकरू कधीच नव्हते. मूळ नाव ओ लूआन. लूआन म्हणजे योद्धा! इंग्रज कारकुनाने ऐकलं 'ऊआन', म्हणजे कोकरू, आणि खरडलं लॅम्ब. एका लढवय्या घराण्याचं एका ओळीत मेंढरू केलं. मी ते पुस्तिकेत पान नऊवर लिहिलंय. मला थट्टा करायची असती तर मी तिच्या दारात कोकरू टांगलं असतं? माझ्या तत्त्वातच बसत नाही ते."

दर्वलाला हसू आलं, आठवड्यातलं पहिलं. "आणि हंट?"

"त्यात काही नाही. परक्या सैन्याबरोबर आलेले शिकारी. कोलमनच्या बापानेच मला सांगितलं होतं, 'आम्ही जमीनदाराच्या शिकारखान्यावरचे.' तसंच छापलंय."

"म्हणजे शिकार."

"शिकार."

तिने चहाचा कप फिरवला. तिला सकाळपासून काहीतरी टोचत होतं. शिकारीची थट्टा करायची तर माणूस ससा टांगेल, तितर टांगेल. कावळे तर प्रत्येक नांगरटीत शेकड्याने बसतात. ते सगळं सोडून कोणीतरी बंदूक घेऊन समुद्राकडच्या कड्यांवर गेला आणि डोमकावळाच मारून आणला. एवढी तंगडतोड कोणी उगाच करत नाही.

"मास्तर, डोमकावळ्याला आयरिशमध्ये काय म्हणतात?"

"फीआख," मास्तर सहज म्हणाले.

"आणि शिकारीला?"

मास्तरांनी पुस्तिका ओढून पानं उलटली.

"फीआख," ते पुटपुटले. "दोन्हीला एकच शब्द आहे. अरे देवा, पान चौदा चुकलं माझं."

४

कोलमनची आत्या सेलिया हंट एक्क्याण्णव वर्षांची होती आणि नन्सच्या वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून असायची. कोलमन नाताळला येतो, असं तिथल्या ननने सांगितलं. "म्हणजे दोन नाताळांपूर्वी आला होता."

शनिवारी दुपारी दर्वला बिस्किटांचा पुडा घेऊन गेली.

"आजी, तुमचं नाव हंट कसं पडलं?"

म्हातारीने बोळक्या तोंडात बिस्कीट घोळवलं आणि म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग आत्ताच कसं कोणाला विचारावंसं वाटलं? आम्ही हंट नव्हतो गं. आम्ही ओ फीआख. डोमकावळ्याच्या घराण्यातले. माझ्या आजोबाला जमीनदाराकडे नोकरी हवी होती. कसली माहीत आहे? भाडं थकलेल्यांची घरं रिकामी करायची नोकरी. छपराची तुळई ओढायची, चुलीत पाणी ओतायचं, म्हातारी माणसं अंथरुणासकट रस्त्यावर. असल्या कामाला आयरिश नाव बरं दिसत नाही ना! कारकुनाने विचारलं, फीआख म्हणजे काय? आजोबा म्हणाला, शिकार. झाला हंट. खोटं नाही बोलला. अर्धंच बोलला."

"गावात हे कोणाला माहीत आहे?"

"छे! बापाने आम्हाला शपथ घातली होती. लोक थुंकले असते आमच्यावर. बाहेर विचारलं तर सांगायचं, आम्ही परदेशी शिकारी." म्हातारी हसली, तेव्हा तिच्या घशातून खरखर आवाज आला. "पण घरात, दार लावून, आम्ही ते नाव मिरवायचो. जुनं घराणं ना शेवटी."

"आता घरात कोण उरलंय, आजी?"

"भाऊ गेला. त्याला एकच मुलगा. त्याची आई लवकर गेली, म्हणून मीच वाढवलं. पडला, खरचटलं की भोकाड पसरायचा. मी म्हणायचे, उगी, डोमकावळ्याचं पिल्लू रडत नसतं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "कोलमन आलाय का तुमच्याबरोबर?"

५

रविवारी प्रार्थना संपली की सगळं गाव चर्चमधून सरळ पबमध्ये शिरत असे. दर्वला आत गेली तेव्हा अर्जाच्या कागदाभोवती गर्दी होती. ब्रिजी लॅम्ब स्टुलावर बसून सरबत पीत होती. शेजारी पॅकी फॉक्स उभा होता. काउंटरमागे कोलमन ग्लास पुसत होता.

"सार्जंटबाई, पकडलं की नाही त्यांना?" पॅकीने विचारलं.

"विचार करतेय," दर्वला काउंटरला टेकून म्हणाली. "पण काही म्हण पॅकी, हे लोक आहेत मात्र मूर्ख. लॅम्बला कोकरू जमलं, फॉक्सला कोल्हा जमला. आणि हंटला काय, तर कावळा! ससा लावायचा होता. नावाचा काही मेळच नाही."

"मेळ कसा नाही?" कोलमन पटकन म्हणाला. "आमच्या नावाचाच पक्षी आहे तो."

ग्लास पुसणारा हात थांबला. पण शब्द तोंडातून गेला होता.

"कोणाच्या नावाचा, कोलमन?"

"म्हणजे, असं कोणीतरी म्हणत होतं."

"कोण? मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या पुस्तिकेत छापलंय की तुम्ही परदेशी शिकारी. गावाला ठाऊक नव्हतं, परवा पॅकी त्याला शिकार केलेला कावळाच म्हणत होता." ती आता गर्दीकडे वळली. "ज्याने हे केलं त्याला आयरिश नावं नीट येत नव्हती, नाहीतर त्याने लॅम्बच्या दारात कोकरू टांगलं नसतं. मूळ नावात कोकरू नाहीच. त्याने दोन नावं वरवरच्या अर्थाने घेतली. तिसरं तेवढं आतल्या अर्थाने घेतलं, कड्यांवर जाऊन डोमकावळा मारून आणला. तीन आडनावांपैकी एकाचंच गुपित ज्याला माहीत आहे, असा माणूस कोण असेल? ज्याचं ते आडनाव आहे तो. काल मी सेलियाआजीकडे गेले होते, कोलमन. तू आलायस का म्हणून विचारत होती."

अर्जाभोवतीची माणसं कोलमनकडे वळली.

कोलमनने फडकं खांद्यावर टाकलं. तो घाबरला नाही, ओशाळलाही नाही. "बरं. केलं मी. दुसरं काय करणार होतो? पंधरा दिवस कागद इथे पडून होता. 'बघू रे, उद्या करतो सही.' तुम्हाला जागं करायला काहीतरी लागणारच होतं. स्वतःच्या दारात टांगलं नसतं तर माझ्यावर संशय आला असता. आणि ते टँकरचं माझं नाही हं. ते ज्याचं त्याला माहीत." त्याने पॅकीकडे पाहिलंही नाही. पॅकी बुटांकडे पाहू लागला.

दर्वला ब्रिजीपाशी गेली.

"ब्रिजी, तुमच्या दारातलं कोकरू..."

"माझ्याच कळपातलं होतं का रे ते?" ब्रिजीने कोलमनला विचारलं.

"हो, ब्रिजी."

म्हातारीने ग्लास उचलला. दर्वलाला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर हातातला ग्लास फेकेल.

"मग आधी विचारायचंस की रे बाबा," ब्रिजी म्हणाली. "गोठ्यात एक मेलेलं होतं. ते दिलं असतं."

पहिल्यांदा पॅकी हसला. मग त्याच्या मागचा, मग पोस्टमन, आणि मग सगळा पब. कोलमनही हसला. त्याने ब्रिजीसमोर नवा ग्लास सरकवला. वीसेक माणसं, अंगावर रविवारचे कपडे, ओठांवर अजून प्रसादाची चव, आणि दात काढून हसताहेत.

"तक्रार कोण देणार आहे?" तिने विचारलं. "ब्रिजी? पॅकी?"

"कसली तक्रार?" पॅकी म्हणाला. "मला काय झालंय?"

"आपल्यासाठीच केलं त्याने," ब्रिजी म्हणाली.

अर्जावरची एकही सही खोडली गेली नाही. दर्वला दाराशी पोहोचेपर्यंत कागदावर आणखी दोन वाढल्या होत्या.

६

त्या दिवशी ती पोलीस ठाण्याच्या मागच्या मोरीत ओकली. मग तोंड धुऊन कायद्याचं पुस्तक काढून बसली.

कोकराला मालकीण होती, आणि मालकिणीची हरकत नव्हती. कोल्ह्याचं कोणालाच काही नव्हतं. पण डोमकावळा संरक्षित पक्षी. त्याला मारणं हा सरकारविरुद्धचा गुन्हा, त्यासाठी कोणा शेजाऱ्याच्या तक्रारीची गरज नाही. पक्षी ठाण्याच्या फ्रीजमध्ये होता, छरे बाटलीत होते, बंदुकीचा परवाना कोलमनच्या नावावर होता, आणि त्याने केलं म्हणून कबूल केलेलं तिने स्वतः ऐकलं होतं. सोमवारी सकाळी तिने आरोपपत्र लिहिलं. त्यात कारण लिहिण्याची जागा होती. तिथे तिने सगळं लिहिलं, डोमकावळ्यापासून टँकरपर्यंत, आणि त्याची एक प्रत दुपारी कौन्सिलाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

सभा ऐकायला आलेल्या मास्तरांनी ती उचलून मोठ्याने वाचली. सभासदांपैकी कोणाला पाझर फुटला असं नव्हे. पण पत्रकार हजर होता, आणि छापून येण्याची भीती लाजेपेक्षा मोठी असते. एका मताच्या फरकाने घर मंजूर झालं. महिन्याभराने कोर्टात कोलमनला दंड झाला आणि त्याची बंदूक जप्त झाली. त्याला आधार द्यायला अर्धं गाव गाडी करून आलं होतं. परतताना त्यांनी वाटेत गाणी म्हटली.

दर्वलाने बदलीचा अर्ज करून टाकला. जायच्या आदल्या आठवड्यात कौन्सिलचा माणूस घराची किल्ली द्यायला आला, तेव्हा ती मुद्दाम सोबत गेली. विनी आणि ओनी पोरांना घेऊन फाटकाशी उभे होते. मास्तरही आले होते. त्यांनी पुस्तिकेची दुरुस्त प्रत आणली होती.

"विनीबाई, तुमच्या नावाचं सांगायचं राहिलं होतं," मास्तर म्हणाले. "वॉर्ड म्हणजे मॅक अन वार्ड. कवीचे वंशज. राजांच्या दरबारात तुमच्या लोकांना मानाची जागा होती. या गावात याहून थोर नाव दुसरं नाही."

विनीने पुस्तिका घेतली, वरखाली पाहिली आणि ओनीच्या हातात दिली.

"नाव छान आहे, मास्तर. पण ते शेण लोटताना कुठला राजा आला नाही मदतीला." मग ती दर्वलाकडे वळली. "तुम्ही चाललात म्हणे?"

"हो. मला या लोकांची तोंडं बघवत नाहीत."

"तुम्हाला जाता येतं, बरं आहे." विनीने किल्ली लावली. दार फुगलं होतं, खांदा लावावा लागला. रस्त्यापलीकडच्या तीन खिडक्यांत पडदे हलले. ओनी आतून दार लोटायला लागला, तसा तिने त्याचा हात धरला.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "आम्ही आता इथेच आहोत. बघू दे त्यांना रोज."